विश्लेषण : पाठदुखीची गोळी व्यसनाची गोळी कधी होते? पालघरच्या कारखान्यातून रायगडने काय शिकावे?

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस श्रीवर्धन तालुक्यातील जीवना बंदर परिसरात चरसची पाकिटे किनाऱ्याला लागली. त्यानंतर काही दिवस रायगडच्या किनाऱ्यावर शोधमोहीम सुरू होती आणि आणखी पाकिटे सापडत होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रायगड पोलिसांनी खोपोलीजवळील कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोन म्हणजेच एमडीचा मोठा साठा पकडला. अमली पदार्थ म्हटले की जिल्ह्यात आजही याच दोन घटनांची चर्चा होते. मात्र वेदनाशामक म्हणून चिठ्ठीवर मिळणारी काही औषधेही अफूच्याच कुळातील असतात. ती पिशवीत लपवून आणावी लागत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पालघरमध्ये झालेल्या कारवाईने या औषधांचा धोका जगासमोर आणला. ही औषधे कोणती, ती घातक कशी ठरतात आणि घरात अशी गोळी आली तर काय पाहावे, याविषयी…

पालघरमध्ये काय घडले?

‘बीबीसी’ने फेब्रुवारी २०२५ मध्ये एक शोधवृत्त प्रसिद्ध केले. मुंबईस्थित ‘एव्हिओ फार्मास्युटिकल्स’ या कंपनीच्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या पश्चिम आफ्रिकेतील देशांत नशेसाठी सर्रास विकल्या जात असल्याचे त्यात म्हटले होते. या गोळ्यांत टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या दोन औषधांचे मिश्रण होते. गोळ्या आरोग्याला हानिकारक आहेत, पण हा धंदा आहे, अशा अर्थाचे कंपनीच्या एका संचालकाचे बोलणे छुप्या कॅमेऱ्यात टिपले गेले.

वृत्त प्रसिद्ध होताच केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना (सीडीएससीओ) आणि महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन (एफडीए) यांच्या पथकाने २१ व २२ फेब्रुवारीला कंपनीची तपासणी केली. सुमारे १ कोटी ३० लाख गोळ्या-कॅप्सूल आणि दोन्ही औषधांच्या कच्च्या मालाचे २६ बॅच जप्त झाले. उत्पादन थांबवण्याचा आदेश देण्यात आला. घानाला निघालेला माल मुंबई विमानतळाच्या कार्गो विभागात रोखण्यात आला. या मिश्रणाच्या निर्यातीसाठी दिलेली ना-हरकत प्रमाणपत्रे आणि उत्पादनाचे परवाने मागे घ्यावेत, असे निर्देशही केंद्राने सर्व राज्यांना दिले.

ही दोन्ही औषधे भारतात बेकायदा आहेत का?

नाहीत. केंद्राने त्या वेळी दिलेल्या स्पष्टीकरणानुसार टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या दोन्ही औषधांना भारतात स्वतंत्रपणे मान्यता आहे. टॅपेन्टाडॉलच्या ५०, ७५ आणि १०० मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या, तसेच हळूहळू विरघळणाऱ्या १००, १५० व २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या मंजूर आहेत. दोन्हींचे एकत्र मिश्रण मात्र मंजूर नाही. शिवाय कारवाईच्या वेळी यातील एकही औषध अमली पदार्थविरोधी कायद्याच्या म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या यादीत नव्हते.

ही बाब महत्त्वाची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांच्या विशेष पथकाने रायगडमधील न्हावा शेवा बंदरातून एक कंटेनर ताब्यात घेतला होता. त्यातील २० टनांहून अधिक ज्येष्ठमधाच्या काड्यांवर हेरॉइनचा लेप दिलेला होता. हेरॉइन नेण्यासाठी तस्करांना एवढा खटाटोप करावा लागतो. गोळ्यांच्या खोक्यावर मात्र ‘औषध’ असे लिहिलेले असते आणि सोबत कागदपत्रेही असतात. देशात विक्रीला मंजुरी नसलेले औषध परदेशासाठी बनवता येते. घेणाऱ्या देशात ते कोणाच्या हाती पडते, याची काळजी त्या कागदांत नसते.

ओपिऑइड म्हणजे काय? साध्या वेदनाशामकापेक्षा ते वेगळे कसे?

अफूच्या बोंडातील चिकापासून मॉर्फिन आणि कोडीन मिळते. हेरॉइन मॉर्फिनवर प्रक्रिया करून बनते. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, फेंटानिल ही औषधे अफूशिवाय, थेट रसायनांपासून तयार होतात. म्हणून त्यांना कृत्रिम ओपिऑइड म्हणतात. स्रोत वेगळे असले तरी ही सगळी मेंदूतील एकाच प्रकारच्या ग्राहींवर काम करतात. वेदना कमी होते, बरे वाटते, गुंगी येते.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही नेहमीची वेदनाशामके या कुळातील नाहीत. त्यांचे धोके निराळे आहेत. पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृताला, तर बाकी दोन्हींचा अतिरेक जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतो. पण त्यांची नशा होत नाही आणि श्वास थांबत नाही. ओपिऑइडने मात्र दोन्ही होते. मेंदूचा जो भाग झोपेतही श्वास चालू ठेवतो, तोच भाग ओपिऑइडमुळे मंदावतो. अतिमात्रेने होणारे मृत्यू बहुतांशी श्वास थांबल्याने होतात.

यातच सहनशक्तीची भर पडते. काही आठवड्यांत शरीराला औषधाची सवय होते. पूर्वीच्या एका गोळीचा परिणाम मिळवण्यासाठी दोन लागतात. गोळी बंद केली तर अंगदुखी, जुलाब, नाक गळणे, घाम, बेचैनी आणि निद्रानाश सुरू होतो. रुग्णाला वाटते, जुने दुखणे उलटले. तो पुन्हा गोळी घेतो आणि चक्र सुरू होते. काही काळ गोळी सुटली की सहनशक्तीही उतरते. अशा वेळी जुन्याच प्रमाणात गोळ्या घेतल्या तर तेच प्रमाण जिवावर बेतू शकते.

पालघरमधील मिश्रण जास्त धोकादायक का मानले जाते?

कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध आहे. शरीरात त्याचे मेप्रोबमेट या गुंगी आणणाऱ्या द्रव्यात रूपांतर होते. सवय लागण्याच्या धोक्यामुळे युरोपीय औषध संस्थेने २००७ मध्येच ते बाजारातून काढण्याची शिफारस केली होती. टॅपेन्टाडॉल श्वास मंदावते, कॅरिसोप्रोडॉल गुंगी वाढवते. दोन्ही एका गोळीत आली की परिणाम एकमेकांना बळ देतात.

हेच सूत्र घरातही लागू पडते. ट्रॅमाडॉलच्या गोळीवर दारू, किंवा तिच्यासोबत अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी घेतली तर धोका कितीतरी वाढतो. ट्रॅमाडॉलने फिटही येऊ शकते. नैराश्यावरील काही औषधांसोबत ते घेतल्यास गंभीर गुंतागुंत होते. काही व्यक्तींच्या शरीरात ट्रॅमाडॉलचे तीव्र द्रव्यात रूपांतर फार वेगाने होते. त्यामुळे १२ वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्पष्ट केले.

ट्रॅमाडॉलवर निर्बंध असताना टॅपेन्टाडॉल कुठून आले?

पश्चिम आफ्रिकेत आधी ट्रॅमाडॉलची नशा पसरली होती. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने झालेल्या आणि २०१९ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या पाहणीनुसार नायजेरियात सुमारे ४६ लाख लोक वैद्यकीय कारणाशिवाय ओपिऑइड घेत होते. त्यात ट्रॅमाडॉलचा वाटा मोठा होता. भारताने २६ एप्रिल २०१८ रोजी ट्रॅमाडॉल एनडीपीएस कायद्याखाली आणले. त्यामुळे त्याच्या साठ्याचा आणि निर्यातीचा हिशेब कडक झाला. कायद्याने २५० ग्रॅम ही त्याची ‘व्यापारी मात्रा’ ठरवली आहे. विनापरवाना त्याहून अधिक बाळगल्यास किमान १० वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते.

एक औषध यादीत आले, पण मागणी संपली नाही. ग्राहीवर जवळपास तसेच काम करणारे, मात्र यादीबाहेरचे टॅपेन्टाडॉल हाताशी होते. नावानुसार बंदी घालण्याच्या पद्धतीची ही मोठी अडचण आहे. सरकारी राजपत्रात एक नाव छापून येईपर्यंत बाजार पुढच्या नावाकडे गेलेला असतो.

फेंटानिल आणि नायटाझिन किती घातक?

बेल्जियमचे डॉ. पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास फेंटानिल तयार झाले. ते मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र आहे. शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात, तेव्हा श्वासावर यंत्राचे लक्ष असते. रस्त्यावरच्या पुडीत असे मोजमाप नसते. सवय नसलेल्या माणसाला २ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढी मात्रा जीवघेणी ठरू शकते. नायटाझिन हा गट १९५० च्या दशकात शोधला गेला, पण अतितीव्रतेमुळे औषध म्हणून कधीच मंजूर झाला नाही. अलीकडे युरोप आणि अमेरिकेत बनावट गोळ्यांतून तो पुन्हा दिसू लागला आहे.

भारतात फेंटानिलची रस्त्यावरची साथ नाही. पण रसायन उद्योगामुळे भारताचे नाव या साखळीत येते. फेंटानिलसाठी लागणारी पूर्वद्रव्ये पाठवल्याच्या आरोपावरून जानेवारी २०२५ मध्ये गुजरातमधील दोन कंपन्यांवर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील अमेरिकी दूतावासाने अशाच कारणावरून काही भारतीय कंपनी अधिकाऱ्यांचे व्हिसा रद्द केल्याचे जाहीर केले. रायगड आणि पालघर हे दोन्ही रसायन व औषधनिर्मितीचे जिल्हे आहेत. त्यामुळे हा विषय दूरचा म्हणता येणार नाही.

अमेरिकेतील साथ डॉक्टरांच्या चिठ्ठीतून कशी सुरू झाली?

१९९६ मध्ये ‘पर्ड्यू फार्मा’ने ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली. हळूहळू विरघळणारी असल्याने तिची सवय कमी लागते, असा प्रचार डॉक्टरांमध्ये झाला. पाठदुखी, गुडघेदुखीलाही ती लिहून दिली जाऊ लागली. २००७ मध्ये या उद्योगसमूहातील कंपनीने गोळीविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. तोपर्यंत लाखो लोकांना सवय लागली होती. चिठ्ठ्यांवर निर्बंध आल्यावर त्यातील अनेक जण हेरॉइनकडे आणि नंतर फेंटानिलकडे वळले. २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक मृत्यू झाले. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश मृत्यूंमध्ये फेंटानिलसारखे कृत्रिम ओपिऑइड होते.

भारतातील चित्र काय आहे?

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील २.०६ टक्के लोक ओपिऑइड घेत असल्याचे आढळले. ही संख्या सुमारे २ कोटी २६ लाख होते. त्यात औषधी ओपिऑइड घेणारे जवळपास एक टक्का होते, म्हणजे पारंपरिक अफू घेणाऱ्यांपेक्षा अधिक. सुमारे ७७ लाख लोकांना उपचारांची किंवा मदतीची गरज असल्याचा अंदाज होता. त्यातील निम्म्याहून अधिक लोक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर धोका कुठे आहे?

एक उदाहरण घेऊ. समजा, करंजा किंवा रेवदंड्याच्या बोटीवरील चाळिशीतला खलाशी आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपली की त्याचा हंगाम सुरू होतो. जाळी ओढून कंबर धरते. एक फेरी चुकली तर त्या फेरीचा वाटा बुडतो. डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी ट्रॅमाडॉल असलेली गोळी लिहून दिली. आराम पडला. सहाव्या दिवशी तीच चिठ्ठी, किंवा नुसती रिकामी पट्टी दाखवून त्याने पुन्हा गोळ्या आणल्या. शेजारच्या खलाशाचीही पाठ दुखते, त्याला दोन दिल्या. रात्री गोळीवर थोडी दारूही झाली. यात कोणीही तस्कर नाही. तरीही सवय लागायला हवे ते सगळे इथे आहे. दिवसभर टोपली घेऊन बसणारी मासेविक्रेती, भाताच्या खाचरात वाकून लावणी करणारी बाई, मिठागरातील मजूर यांच्या बाबतीतही हेच घडू शकते.

विशेष म्हणजे अशा पाठदुखीला ओपिऑइडचा फायदाही फारसा नाही. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ‘ओपल’ चाचणीत नव्या कंबर व मानदुखीच्या ३४७ रुग्णांना ओपिऑइड किंवा औषधहीन गोळी देण्यात आली. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीत ओपिऑइड देऊ नये, अशी शिफारस केली. व्यायाम, फिजिओथेरपी आणि कामाच्या पद्धतीत बदल यांवर तिचा भर आहे. हा सल्ला हातावर पोट असलेल्याला महाग पडतो, हेही खरे. फिजिओथेरपीसाठी तालुक्याच्या गावी जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. गोळी स्वस्त आणि जवळ मिळते. म्हणूनच तिचा आधार वाढतो.

डॉक्टर आणि दुकानदारांसाठी नियम काय आहेत?

ट्रॅमाडॉल, कोडीन, ब्युप्रेनॉर्फिन, अल्प्राझोलाम अशी औषधे ‘शेड्यूल एच-१’ मध्ये येतात. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या या नियमानुसार औषध दुकानदाराने वेगळ्या वहीत चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण नोंदवायचे असते. ही वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. अशा औषधांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. एनडीपीएस कायद्याखालील औषधांवर लाल रंगात ‘एनआरएक्स’ ही खूण असते. चिठ्ठीवर तसे लिहिलेले नसेल, तर ती वापरून पुन्हा पुन्हा औषध देता येत नाही.

तीव्र दुखण्यात ओपिऑइड लिहावेच लागले तर बहुतेक वेळा तीन दिवस पुरतात आणि सातहून अधिक दिवसांची गरज क्वचितच पडते, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ मध्ये डॉक्टरांना सांगितले होते. चिठ्ठीवर दिवसांची संख्या स्पष्ट असणे म्हणूनच मोलाचे ठरते.

मग ही औषधे सरसकट बंद का करू नयेत?

कारण त्याची किंमत भारताने मोजली आहे. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला, तेव्हा देशात वर्षाला सातशे किलोहून अधिक मॉर्फिन वैद्यकीय उपचारांसाठी वापरले जात होते. परवान्यांच्या जंजाळामुळे आणि शिक्षेच्या भीतीमुळे १९९७ पर्यंत हे प्रमाण २० किलोच्याही खाली आले. कर्करोगाचे असंख्य रुग्ण शेवटच्या दिवसांत तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी परवान्याची पद्धत सोपी झाली.

रायगड जिल्ह्यातीलच खारघरमध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ केंद्र आहे. कर्करोगाच्या असह्य वेदनेत मॉर्फिन हे माणसाला माणसासारखे जगू देणारे औषध आहे. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याने व्यसनाच्या भीतीने डॉक्टरांनी ठरवलेला डोस परस्पर कमी करू नये. तीच गोळी घरातील दुसऱ्याच्या पाठदुखीला मात्र देऊ नये.

घरात काय पाहावे आणि काय करावे?

नवी वेदनाशामक गोळी मिळाली की पट्टीवर औषधाचे मूळ नाव वाचावे. त्यात ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल किंवा कोडीन असेल तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : किती दिवस घ्यायची, दुसऱ्या कोणत्या औषधासोबत घ्यायची नाही आणि थांबवायची कशी. अनेक महिने गोळी घेत असल्यास ती एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. उरलेल्या गोळ्या मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत आणि शेजाऱ्यांनाही देऊ नयेत.

व्यक्ती हलवूनही उठत नाही, श्वास अगदी संथ किंवा घरघरता आहे, ओठ-नखे निळसर झाली आहेत आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या आहेत, ही अतिमात्रेची लक्षणे आहेत. अशा वेळी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, व्यक्तीला कुशीवर वळवावे आणि एकटे सोडू नये. मिठाचे पाणी पाजणे, कांदा हुंगवणे यात वेळ दवडू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कोणती गोळी घेतली ते कळण्यासाठी रिकामी पट्टी रुग्णालयात सोबत न्यावी. नालोक्सोन हे इंजेक्शन ओपिऑइडचा परिणाम काही मिनिटांत उतरवते, पण त्याचा प्रभाव साधारण तासाभरात ओसरतो. त्यामुळे रुग्ण उठून बसला तरी त्याला लगेच घरी नेऊ नये.

सवय लागल्याची शंका असेल तर केंद्र सरकारच्या नशामुक्ती हेल्पलाइनवर १४४४६ या क्रमांकावर बोलता येते. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती ‘मानस’ हेल्पलाइनला १९३३ या क्रमांकावर, तर चिठ्ठीविना औषधविक्रीची तक्रार एफडीएच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर करता येते. मदत मागणारा माणूस गुन्हेगार नसतो, तो रुग्ण असतो. हे घरच्यांनी मान्य केले, तर तो उपचारांपर्यंत लवकर पोहोचतो.